दोन कन्सोल, हात तेवढेच : निन्टेंडोच्या गेम-दुष्काळाचं प्रकरण

कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, घेणारा माणूस पैसे आज मोजतो, ते पुढची पाच-सहा वर्षं गेम येत राहतील या भरवशावर. यंत्र बनवणाऱ्या कंपनीला हा भरवसा कितपत पाळता येतो, हे तपासायला जपानमधल्या क्योतोच्या निन्टेंडो या गेम-कंपनीची २०११ ते २०१९ ही वर्षं फार उपयोगी आहेत. या काळात कंपनीचा एक कन्सोल गेमअभावी वाळून गेला. पुढच्याच कन्सोलवर तिने दर महिना-दीड महिन्याला काहीतरी नवं देऊन दाखवलं. गेम बनवणारी मुख्य माणसं बहुतांशी तीच होती, मारिओ आणि झेल्डा या तिच्या गाजलेल्या गेम-मालिकाही त्याच. बदललं ते काम वाटायचं गणित. इथे दिलेले विक्री-तोट्याचे आकडे कंपनीने स्वतः जाहीर केलेले आहेत. निर्णयांबद्दलची मतं माझी आहेत.

पार्श्वभूमी

२००६ साली आलेला वी हा टीव्हीला जोडायचा कन्सोल १० कोटींहून अधिक खपला. त्याच्या सोबतीचा, हातात धरून खेळायचा डीएस १५ कोटींच्या वर गेला. दोन यंत्रं, दोन्ही तुफान चाललेली, आणि दोन्हींसाठी सर्वांत महत्त्वाचे गेम बनवणारी मंडळी एकाच कंपनीतली. हे त्या वेळी जमून गेलं, कारण निन्टेंडोचे गेम तेव्हा तुलनेनं लहान टीममध्ये आणि थोड्या वेळात होत. सोनी आणि मायक्रोसॉफ्ट २००५-०६ मध्येच एचडी चित्राकडे वळले होते. वी मात्र जुन्या ४८० ओळींच्या चित्रावरच राहिला. एचडीचा खर्च त्यामुळे टळला नाही, फक्त सहा वर्षांनी पुढे गेला.

आणखी एक गोष्ट तेव्हा कुणाला खटकत नव्हती. टीव्हीवरचं यंत्र एक विभाग बनवी, हातातलं दुसरा. दोघांचं हार्डवेअर वेगळं, प्रणाली वेगळी, गेम लिहायची साधनंही वेगळी. एका यंत्रासाठी लिहिलेला कोड दुसऱ्यावर न्यायचा, तर बरंचसं काम नव्याने करावं लागे.

पहिला इशारा २०११ मध्ये मिळाला. डीएसचा वारस थ्रीडीएस फेब्रुवारीत जपानमध्ये २५,००० येनला बाजारात आला, तेव्हा त्याच्यासोबत मारिओ नव्हता. कंपनीचा पहिला मोठा गेम म्हणावा असा, झेल्डा मालिकेतल्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’चा नवा अवतार, यायला जून उजाडला. ऑगस्टमध्ये किंमत थेट १५,००० येनवर आणावी लागली. आधीच्या किमतीला यंत्र घेतलेल्यांना भरपाई म्हणून २० जुने गेम मोफत दिले गेले आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. वर्षअखेरीस ‘सुपर मारिओ थ्रीडी लँड’ आणि ‘मारिओ कार्ट ७’ आले, तेव्हा विक्री सावरली. तरी मार्च २०१२ ला संपलेल्या आर्थिक वर्षात ३,७३० कोटी येनचा ऑपरेटिंग तोटा झाला. गेल्या अनेक दशकांत कंपनीवर असं वर्ष आलं नव्हतं.

थ्रीडीएस वाचला, आणि माझ्या मते त्या वाचण्यानेच पुढचा घात केला. संकट आलं, किंमत उतरवली, मारिओ आणला, संकट गेलं. पण पहिले चार महिने गेम का नव्हते, या प्रश्नाचं उत्तर संस्थेच्या रचनेत होतं, आणि त्या रचनेला तेव्हा धक्का लागला नाही.

अडचण

वीचा वारस वी यू १८ नोव्हेंबर २०१२ ला अमेरिकेत आणि ८ डिसेंबरला जपानमध्ये आला. या वेळी पहिल्याच दिवशी मारिओ हजर होता : ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स यू’, सोबत ‘निन्टेंडो लँड’. डिसेंबरअखेर ३०.६ लाख यंत्रं विकली गेली. सुरुवात वाईट म्हणता येणार नाही.

मग जानेवारी आला आणि गेम थांबले. २३ जानेवारी २०१३ च्या कंपनीच्या ऑनलाइन प्रसारणात इवाता यांनी कॅमेऱ्यासमोर येऊन जानेवारी-फेब्रुवारीत कंपनीकडून नवे गेम येणार नाहीत याबद्दल माफी मागितली. गेम बाहेर काढायचा तर तो चांगलाच असला पाहिजे आणि त्यासाठी वेळ लागतो, असं त्यांचं म्हणणं. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत जगभर जेमतेम ३.९ लाख यंत्रं गेली. एप्रिल ते जूनमध्ये तर १.६ लाख.

आता त्याच महिन्यांत थ्रीडीएसवर काय चाललं होतं ते बघा, कारण या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. फेब्रुवारीत अमेरिकेत ‘फायर एम्ब्लेम अवेकनिंग’. मार्चमध्ये ‘लुइजीज मॅन्शन’चा दुसरा भाग. जूनमध्ये ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’, जो जपानमध्ये आदल्या नोव्हेंबरातच आला होता. ऑक्टोबरमध्ये जगभर एकाच दिवशी ‘पोकेमॉन एक्स’ आणि ‘वाय’. नोव्हेंबरमध्ये नवा झेल्डा. वी यूवर याच वर्षात निन्टेंडोच्या नावावर मार्चमध्ये ‘लेगो सिटी अंडरकव्हर’, उन्हाळ्यात ‘पिकमिन ३’, मग ‘वंडरफुल १०१’, ‘विंड वेकर’ची एचडी आवृत्ती आणि नोव्हेंबरात ‘सुपर मारिओ थ्रीडी वर्ल्ड’ एवढेच ठळक गेम.

या दोन याद्या एकाखाली एक ठेवून वाचल्या की कोरड पडली होती कुठे आणि का ते कळतं. कंपनी २०१३ मध्ये भरपूर गेम देत होती. एका पाटाचं पाणी दोन शेतांत सोडलं होतं आणि एक शेत पाटाच्या शेवटाला होतं. दोन्ही याद्या एकाच यंत्रावर आल्या असत्या, तर ते वर्ष कंपनीच्या उत्तम वर्षांत गणलं गेलं असतं. यातले सगळेच गेम घरात बनले नव्हते हे खरं; ‘लुइजीज मॅन्शन’ कॅनडातल्या स्टुडिओने केला होता, ‘वंडरफुल १०१’ प्लॅटिनमगेम्सने. पण त्यांच्यामागचा पैसा, देखरेख आणि तपासणी निन्टेंडोची होती, आणि ती देखरेख करणारी माणसंही मोजकीच.

यात एचडीची भर पडली. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांनी २०१३ च्या भागधारकांच्या सभेत कबूल केलं की नव्या पिढीच्या हार्डवेअरला पूर्वीच्या सुमारे दुप्पट माणसं लागतात आणि या बदलाचा आवाका आपण कमी धरला. ‘पिकमिन ३’ हे त्याचं उदाहरण. लाँचच्या आसपास यायचा तो गेम अखेर २०१३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आला.

उरलेली आशा बाहेरच्या प्रकाशकांवर, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या इतर कंपन्यांवर, होती. २०११ च्या ई-थ्री मेळ्यात इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे प्रमुख निन्टेंडोच्या मंचावर येऊन अभूतपूर्व भागीदारीची घोषणा करून गेले होते. मे २०१३ पर्यंत त्याच कंपनीकडे वी यूसाठी एकही गेम तयार होत नव्हता. यूबीसॉफ्टचा ‘रेमन लेजंड्स’ फक्त वी यूवर २६ फेब्रुवारी २०१३ ला यायचा होता, म्हणजे नेमका कोरड्या महिन्यात. तारखेला थोडेच दिवस उरले असताना तो सप्टेंबरपर्यंत ढकलला गेला आणि बाकीच्या कन्सोलवरही देण्याचं ठरलं. यात प्रकाशकाला दोष देणं मला पटत नाही. ग्राहक कमी म्हणून प्रकाशक थांबतात, गेम नाहीत म्हणून ग्राहक थांबतो. हे चक्र तोडायची जबाबदारी ज्याने यंत्र विकायला काढलं त्याचीच असते.

समोरचे पर्याय

२०१३ च्या मध्यावर कंपनीपुढे काय काय होतं?

*किंमत उतरवणं.* थ्रीडीएसच्या वेळी जमलं होतं. पण वी यू आधीच उत्पादनखर्चाखाली विकला जात होता. तरी सप्टेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत मोठ्या संचाची किंमत ३५० डॉलरवरून ३०० डॉलरवर आणली गेली. फरक पडला नाही म्हटलं तरी चालेल. घेऊन खेळायचं काय, हा प्रश्न तिथेच होता.

*माणसं कमी करणं.* तोट्यातल्या कंपनीकडून शेअर बाजार हीच अपेक्षा करतो. इवाता यांनी भागधारकांना स्पष्ट सांगितलं की तात्पुरत्या आकड्यांसाठी माणसं काढली, तर उरलेल्यांचं मनोधैर्य खचतं आणि कामावरून जाण्याच्या भीतीत असलेला माणूस जगाला भुरळ घालणारा गेम करू शकत नाही. हा निर्णय मला या सबंध प्रकरणातला सर्वांत मोलाचा वाटतो. माणुसकी त्यात होतीच, पण हिशेबानेही तो बरोबर होता : जिथे हात कमी पडल्यामुळे गेम अडले आहेत, तिथे हात आणखी कमी करून काहीच सुटत नाही.

*आपले गेम दुसऱ्यांच्या यंत्रांवर किंवा फोनवर देणं.* गुंतवणूकदारांमधून याचा जोरात आग्रह होता. त्याने पैसा लवकर आला असता, हे नाकारता येत नाही. पण मारिओसाठी निन्टेंडोचं यंत्र घ्यावं लागतं, हेच तर यंत्र विकण्याचं कारण. ते कारण सोडलं की परतीची वाट नाही.

*दोनपैकी एक यंत्र बंद करणं.* वी यू लगेच सोडला तर आधीच पैसे मोजलेल्या लाखोंचा विश्वास जातो. थ्रीडीएस सोडायचा तर घरात येणारा पैसाच थांबतो.

*पाया एक करणं.* यंत्रं दोन असोत की एक, आतली रचना आणि गेम लिहायची साधनं सारखी ठेवायची, म्हणजे एकदा केलेलं काम दोनदा करावं लागणार नाही. हा सर्वांत दूरचा पर्याय. त्याचं फळ पुढच्या कन्सोलपर्यंत दिसणार नव्हतं, आणि तोवर तोट्याची वर्षं उघड्या डोळ्यांनी सोसावी लागणार होती.

काय केलं

शेवटच्या पर्यायाची सुरुवात, खरं तर, संकट पूर्ण उघड होण्याआधीच झाली होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये टीव्हीवरच्या आणि हातातल्या यंत्रांचे हार्डवेअर विभाग एकत्र केले गेले. २०१४ मध्ये क्योतोत नवी विकास-इमारत उभी राहिली आणि विखुरलेले विभाग एका छताखाली आले.

जानेवारी २०१४ हा सर्वांत कठीण महिना. मार्च २०१४ पर्यंतच्या वर्षात ९० लाख वी यू विकण्याचा अंदाज होता. तो २८ लाखांवर आणला गेला. १०,००० कोटी येन नफ्याचं लक्ष्य तोट्याच्या अंदाजात बदललं. इवाता यांनी पुन्हा काही महिन्यांसाठी पगार निम्मा केला. त्याच महिन्याच्या अखेरीस गुंतवणूकदारांशी बोलताना त्यांनी पुढची दिशा मांडली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : आमची यंत्रं एका घरातल्या भावंडांसारखी असतील. एकावरून दुसऱ्यावर गेम नेणं सोपं झालं की नव्या यंत्राच्या सुरुवातीला पडणारी गेमची टंचाई सुटायला मदत होईल.

टंचाईचं मूळ यंत्रांच्या रचनेत आहे असं कंपनीच्या प्रमुखाने इतक्या स्पष्टपणे जाहीर सांगितलेलं मला तरी दुसरं आठवत नाही. वर्षाचा अंदाज कोसळलेला असताना, समोर चिडलेले गुंतवणूकदार असताना, फळ यायला तीन वर्षं लागणाऱ्या उपायाची बाजू घेणं सोपं नव्हतं.

मार्च २०१५ मध्ये डीएनए या कंपनीसोबत फोनवरच्या गेम्सचा करार जाहीर झाला. सोबतच ‘एनएक्स’ या सांकेतिक नावाने नव्या यंत्राचा उल्लेख झाला. करार केला म्हणजे आम्ही यंत्रं बनवणं सोडलं असा अर्थ कुणी काढू नये, एवढ्यासाठीच तो उल्लेख होता. ११ जुलै २०१५ ला इवाता गेले. वय ५५. आखणी त्यांची, पण ती पूर्ण झालेली त्यांना बघता आली नाही, याची हळहळ हे प्रकरण वाचताना दर वेळी वाटते. तात्सुमी किमिशिमा अध्यक्ष झाले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये गेम बनवणारे दोन मोठे विभाग, ईएडी आणि एसपीडी, मिळून एकच ईपीडी झाला. आता एकाच विभागाला सगळ्या टीमचं वेळापत्रक एका कागदावर मांडता येणार होतं.

या मधल्या वर्षांत वी यूला वाऱ्यावर सोडलं नाही. ‘मारिओ कार्ट ८’ आणि ‘स्मॅश ब्रदर्स’ २०१४ मध्ये आले, ‘स्प्लॅटून’ आणि ‘सुपर मारिओ मेकर’ २०१५ मध्ये. ‘बायोनेटा’चा दुसरा भाग निन्टेंडोच्या पैशामुळेच होऊ शकला. गेम उत्तम होते, पण एकेका गेमनंतर मोठा खंड पडे, आणि यंत्राबद्दलचं बाजाराचं मत तोवर पक्कं झालं होतं.

सर्वांत अवघड निर्णय झेल्डाचा. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ २०१५ मध्ये येणार म्हणून सांगितला होता. मार्च २०१५ मध्ये तो पुढे गेला, एप्रिल २०१६ मध्ये पुन्हा, आणि या वेळी ठरलं की २०१७ मध्ये तो वी यू आणि नवं यंत्र, दोन्हींवर एकदमच येईल. वी यूवाल्यांवर हा अन्याय होता का? होता. त्यातल्या अनेकांनी याच गेमसाठी यंत्र घेतलं होतं आणि २०१६ हे वर्ष त्यांच्यासाठी जवळपास रिकामं गेलं. तरी मी त्या खुर्चीत असतो तर हाच निर्णय घेतला असता. मरणपंथाला लागलेल्या यंत्रावर सर्वांत मोठा गेम खर्ची घालून नव्या यंत्राची सुरुवात पुन्हा रिकाम्या हाताने केली असती, तर २०११ आणि २०१३ नंतर हा तिसरा दुष्काळ ठरला असता.

परिणाम

‘एनएक्स’ म्हणून सांगितलेलं यंत्र ‘स्विच’ या नावाने ३ मार्च २०१७ ला आलं. टीव्हीला जोडा किंवा उचलून हातात धरा, यंत्र एकच. पहिल्या दिवशी झेल्डा सोडला तर फारसं काही नव्हतं आणि त्यावर टीकाही झाली. पण पुढचं वर्ष बघा. एप्रिलमध्ये ‘मारिओ कार्ट ८ डीलक्स’, जूनमध्ये ‘आर्म्स’, जुलैमध्ये ‘स्प्लॅटून २’, ऑगस्टमध्ये यूबीसॉफ्टने मारिओला घेऊन केलेला गेम, ऑक्टोबरमध्ये ‘सुपर मारिओ ओडिसी’, डिसेंबरच्या पहिल्या दिवशी ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स २’. किमिशिमा यांनी लाँचच्या आधीच सांगितलं होतं की सगळं एकदम न ओतता, मोठा खंड न पडू देता गेम देत राहण्यासाठी ही आखणी आहे. लाँचचा दिवस थोडा रोडावला तरी चालेल, पण सहावा महिना रिकामा जाता कामा नये. वी यूच्या वेळी नेमकं उलट झालं होतं.

मार्च २०१८ पर्यंत १.७८ कोटी स्विच विकले गेले. वी यूची आयुष्यभराची विक्री १.३६ कोटी. त्या वर्षीचा ऑपरेटिंग नफा १७,७६० कोटी येन. पुढे स्विच १५ कोटींच्या पलीकडे गेला.

या यशाचं सगळं श्रेय एकत्रीकरणाला देणं मात्र चुकीचं ठरेल. स्विचच्या वेळापत्रकात वी यूचे किती गेम आहेत ते मोजा : ‘मारिओ कार्ट ८’, ‘डाँकी काँग’, ‘कॅप्टन टोड’, ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स यू’, ‘पिकमिन ३’, ‘थ्रीडी वर्ल्ड’. वी यू फार थोड्यांनी घेतल्यामुळे हे गेम बहुतेकांसाठी नवेच होते. ‘मारिओ कार्ट ८’ वी यूवर सुमारे ८५ लाख खपला होता. स्विचवर ६ कोटींच्या वर गेला. अपयशाच्या वर्षांतलं काम असं कोठारासारखं उपयोगी पडलं. महत्त्वाचे नवे गेम पूर्ण होईपर्यंत मधले महिने या जुन्या कामाने भरले. हे कोठार एकदाच वापरता येतं.

एकत्रीकरणही एका रात्रीत झालं नाही. स्विच आल्यानंतरही थ्रीडीएससाठी गेम येत होते, २०१७ मध्ये ‘मेट्रॉइड’सुद्धा तिथेच आला. २०१९ मध्ये फक्त हातात धरायचा, स्वस्त स्विच लाइट आला आणि २०२० मध्ये थ्रीडीएसचं उत्पादन थांबलं, तेव्हा खऱ्या अर्थाने एकच यंत्र उरलं. २०१९ च्या उत्तरार्धाची यादी त्याची साक्ष देते : जूनअखेर ‘मारिओ मेकर २’, जुलैमध्ये ‘फायर एम्ब्लेम’, ऑगस्टमध्ये ‘अ‍ॅस्ट्रल चेन’, सप्टेंबरमध्ये झेल्डा, ऑक्टोबरमध्ये ‘लुइजीज मॅन्शन ३’, नोव्हेंबरमध्ये ‘पोकेमॉन’. २०१३ मध्ये यातले ‘फायर एम्ब्लेम’, ‘लुइजी’ आणि ‘पोकेमॉन’ थ्रीडीएसच्या यादीत होते. आता ते मारिओच्या शेजारी बसले.

भरलेल्या वेळापत्रकाचा एक फायदा सहसा ध्यानात येत नाही. ‘मेट्रॉइड प्राइम ४’ जून २०१७ मध्ये जाहीर झाला होता. जानेवारी २०१९ मध्ये ईपीडीचे प्रमुख शिन्या ताकाहाशी यांनी व्हिडिओतून सांगितलं की काम अपेक्षित दर्जाचं होत नाहीये; ते थांबवून टेक्सासच्या रेट्रो स्टुडिओजसोबत पहिल्यापासून सुरू करत आहोत. केलेलं काम बाजूला टाकणं कुठल्याही कंपनीला जड जातं. पण त्या वर्षी बाकी गेम रांगेत उभे होते, म्हणून हा खरा निर्णय घेता आला. ‘पिकमिन ३’ उशिरा आला तेव्हा सबंध यंत्र उघडं पडलं होतं; ‘मेट्रॉइड’ अखेर २०२५ च्या डिसेंबरात आला, तरी मधल्या काळात त्यावाचून स्विचचं काही अडलं नाही. गेमला उशीर होणारच. एका गेमच्या उशिराने पूर्ण यंत्र आजारी पडतं की नाही, हे बघायचं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला मुद्दा वी यूच्या तारखेचा. २०१२ च्या सुट्ट्यांचा हंगाम आणि सोनी-मायक्रोसॉफ्टच्या आधी एक वर्ष, हा मोह समजण्यासारखा आहे. ते दोघेही नोव्हेंबर २०१३ मध्ये आले. पण आघाडीच्या त्या वर्षातले पहिले सहा महिने रिकामे गेल्यावर आघाडीला काय अर्थ उरला? यंत्र मार्च २०१३ मध्ये आणलं असतं तर हंगाम हुकला असता, मात्र ‘लेगो सिटी’, ‘पिकमिन’, ‘विंड वेकर’ हे सगळे पहिल्या काही महिन्यांत बसले असते. लाँचची तारीख ठरवताना पहिल्या दिवसाच्या यादीऐवजी दुसऱ्या तिमाहीची यादी हातात घ्यायला हवी होती, आणि त्यातले दोन गेम लांबले तर काय, हेही विचारायला हवं होतं. स्विचच्या बाबतीत कंपनीने हेच केलं : सुट्ट्यांचा हंगाम सोडून मार्च निवडला.

दुसरा मुद्दा एचडीच्या तयारीचा. वी जोरात चालत असताना, २००८-०९ मध्ये, पैसा होता आणि घाईही नव्हती. तेव्हा एक टीम बाजूला काढून तिला एचडीचं काम शिकू दिलं असतं, बाहेरून अनुभवी माणसं घेतली असती, तर २०१२ मध्ये सगळ्या टीम एकाच वेळी नवशिक्या ठरल्या नसत्या. भरभराटीच्या वर्षांत ही गुंतवणूक अनावश्यक वाटते, म्हणून ती राहून जाते.

तिसरा, बाहेरच्या प्रकाशकांचा. त्यांचे गेम हिशेबात धरूनच वी यूचे कोरडे महिने भरले जाणार होते. वेळापत्रकातली जी जागा आपल्या ताब्यात नाही तिच्यावर यंत्राचं भवितव्य टांगू नये. स्विचवर बाहेरचे गेम पुष्कळ आले, पण पहिल्या वर्षाचा कणा निन्टेंडोचाच होता. बाहेरच्यांसाठी काम सोपं करणं मात्र कंपनीच्या हातात होतं. स्विचमध्ये एनव्हिडियाची चिप होती आणि युनिटी व अनरियलसारखी गेम बनवायची सर्वपरिचित साधनं त्यावर चालत; म्हणून लहान स्वतंत्र डेव्हलपरही तिथे रमले. वी यूची रचना पॉवरपीसी या जुन्या चिप-वंशातली, इतरांच्या वाटेपासून दूरची.

चौथा मुद्दा जुन्या यंत्राच्या अखेरच्या वर्षाचा. वीला २०१२ मध्ये कंपनीकडून फारसं काही मिळालं नाही, वी यूला २०१६ मध्ये तसंच. दोन्ही वेळा टीम पुढच्या यंत्राकडे गेल्या होत्या. स्विचच्या २०२४ मध्ये हे टाळायचा प्रयत्न दिसतो : मार्चमध्ये ‘प्रिन्सेस पीच’, मेमध्ये ‘पेपर मारिओ’चा पुनर्जन्म, जूनमध्ये ‘लुइजीज मॅन्शन २’ची एचडी आवृत्ती, सप्टेंबरमध्ये झेल्डा, नोव्हेंबरमध्ये ‘मारिओ अँड लुइजी’. यातले बरेच लहान किंवा नव्याने सजवलेले जुने गेम, पण वर्ष रिकामं गेलं नाही. मुख्य टीम तोवर स्विच २ वर होत्या. ५ जून २०२५ ला तो ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’सोबत आला आणि जुलैमध्ये ‘ओडिसी’वाल्या टीमचा ‘डाँकी काँग बनान्झा’.

तरी एक अडचण एकत्रीकरणाने सुटलेली नाही. ‘मारिओ कार्ट ८’ आणि ‘वर्ल्ड’ यांच्यात ११ वर्षांचं अंतर आहे. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आणि त्याचा पुढचा भाग यांच्यात ६ वर्षांचं. तो पुढचा भाग तर एकदा वर्षभर लांबून मे २०२३ मध्ये आला. एकाच यंत्रावर सगळे हात आणून कंपनीने २०१३ ची टंचाई सोडवली, पण एकेका मोठ्या गेमला लागणारी वर्षं वाढतच आहेत आणि एकत्र करायला आता दुसरं यंत्र शिल्लक नाही. वी यूचं कोठारही रिकामं झालं आहे. उरतात ते दोन मार्ग. एक, मोठ्या गेम्सच्या मधल्या जागा भरायला मध्यम आकाराचे, दोन-तीन वर्षांत होणारे गेम जाणीवपूर्वक वाढवणं. दुसरा, कॅनडातला नेक्स्ट लेव्हल गेम्स २०२१ मध्ये विकत घेतला तसे ओळखीचे, कसलेले स्टुडिओ सामावून घेणं. कंपनी दुसरा मार्ग फार सावधपणे वापरते. मला पहिल्याकडून जास्त आशा आहे. ‘स्प्लॅटून’ वी यूच्या सर्वांत वाईट दिवसांत, एका नव्या कल्पनेवर तरुण टीमने उभा केला होता आणि आज तो कंपनीच्या मोठ्या मालिकांपैकी एक आहे.